पेटीतला पट्टा

कोकणातल्या माणसाला जुनी वस्तू टाकवत नाही. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा कंदील आहे, त्याला काच नाही. भिंतीवरचे घड्याळ आहे, त्याला काटे नाहीत. एक छत्री आहे, तिला फक्त काड्या आहेत. सौभाग्यवती दर दिवाळीला ही सगळी मंडळी खाली उतरवते, पुसते आणि ‘असूं दे, कधीतरी लागतील’ असे म्हणून पुन्हा वर चढवते. ती ‘कधीतरी’ची वेळ आमच्या घरात अजून आलेली नाही. पण यंदा चतुर्थीच्या आधी ती आली असे मला क्षणभर वाटले होते. त्या क्षणाचीच ही गोष्ट आहे.

आमच्या अंगणात एक मारुती ८०० उभी असते. १९९७ सालची, पांढऱ्या रंगाची. मालवणच्या खाऱ्या हवेने दारांच्या कडा खाल्ल्या आहेत, म्हणून ‘पांढरी’ हा शब्द थोडा मोठ्या मनाने वापरला आहे. या जातीची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते एका गृहस्थांना दिली गेली आणि शेवटची २०१४ च्या जानेवारीत कारखान्यातून बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत या गाडीने किती मध्यमवर्गीय माणसांना ‘आपली गाडी’ हे दोन शब्द उच्चारायला शिकवले असेल, त्याला गणती नाही. आमच्या घरात ते शब्द प्रथम दादाने उच्चारले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. परळच्या एका गिरणीत तो फिटर होता. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारो मालवणी घरांप्रमाणे आमच्याही घरची मनिऑर्डर थांबली. दादा पुढे कुर्ल्याच्या एका वर्कशॉपात लागला. हात मोठा गुणी. २००३ साली त्याने ही गाडी जुनी म्हणून घेतली आणि २००६ साली तो गावी आला तो तीच चालवीत. मी शाळेत गणित शिकवीत असे. मला सायकलचे पंक्चर काढता येत नव्हते. ‘तू कागदावरचो इंजिनेर’, असे तो मला म्हणे, आणि मला त्याचा राग येत नसे.

राग आला तो २०११ साली. कारण सांगायला लाज वाटते. वाटणीची भिंत आणि अंगणातला एक फणस. भिंत दीड हात इकडे की तिकडे, आणि फणस कोणाच्या हद्दीत, एवढाच प्रश्न. कोकणात अशा प्रश्नांवर पिढ्या खर्ची पडतात, आमचीही पडली. घर एकच, ओटे दोन झाले. गणपती मात्र एकच. तो वाटून घेता येत नाही, म्हणून दरवर्षी माजघरात आरतीला आम्ही दोघे समोरासमोर उभे राहायचो. झांज त्याच्या हातात, टाळ माझ्या हातात. ताल दोघांचा बरोबर जुळायचा, आणि आरती संपली की एक उजवीकडे जायचा, दुसरा डावीकडे. अकरा वर्षे असे चालले. २०२२ च्या पावसाळ्यात दादा गेला.

बाराव्यानंतर महिनाभराने वहिनी भिंतीच्या कडेने आमच्या ओट्यावर आली. तिच्या हातात गाडीची किल्ली होती.

“भावजी, ह्येंची गाडी अंगणात कुसता. तुमका चलवक येता. तुमीच बघा.”

मी किल्ली घेतली. काय बोलावे ते सुचले नाही. तेव्हापासून वहिनीला दर मंगळवारी गुडघ्यांच्या उपचारासाठी कुडाळला नेणे हे माझे काम झाले. जाताना आम्ही फारसे बोलत नाही. पण गप्प बसण्याचे दोन प्रकार असतात, आणि हा त्यांतला बरा प्रकार आहे.

यंदा जूनमध्ये वहिनीने मला दादाची वही दिली. शाळकरी मुलाची दोनशेपानी वही, वर पुठ्ठा घातलेला. आत गाडीचा सगळा इतिहास: तेल कधी बदलले, टायर कधी घातले, किती किलोमीटर झाले होते. चार ठिकाणी लाल शाईने चौकट होती: २००३, २००८, २०१३, २०१८. प्रत्येक चौकटीत एकच नोंद, ‘टायमिंग पट्टा बदलला’. दर पाच वर्षांनी. म्हणजे पुढची चौकट २०२३ ची. ती कोरी होती, कारण ती भरणारा २०२२ सालीच गेला होता. मी दोन वर्षे, दर मंगळवारी, मुदत संपलेल्या पट्ट्यावर वहिनीला कुडाळला नेत होतो.

हा पट्टा म्हणजे काय, हे मलाही तोवर नीट ठाऊक नव्हते. इंजिनात खाली एक दांडा असतो, तो दट्ट्यांच्या वरखाली होण्याने फिरतो. वर दुसरा दांडा असतो, तो झडपा उघडतो आणि मिटतो. खालचा दोन फेरे फिरला की वरच्याने बरोबर एकच फिरायचे. अर्धाही कमी नाही, पावही जास्त नाही. हा मेळ राखण्याचे काम पूर्वी साखळी करी. १९६२ साली ग्लास नावाच्या जर्मन कंपनीच्या गाडीने ते प्रथम आतून दाते असलेल्या रबरी पट्ट्यावर सोपवले, आणि मग जगभर तीच चाल पडली. पट्टा हलका, आवाज न करणारा, त्याला तेलही लागत नाही. त्याचा दोष एकच. साखळी सैल झाली की खडखडते, घरच्या म्हातारीसारखी आधी कुरकुर करते. पट्टा कुरकुर करीत नाही. तो एके दिवशी तुटतो. गाडी जागच्या जागी थांबते, आणि पुष्कळ इंजिनांत तर उघड्या झडपांवर दट्ट्या आपटून आतला सगळा संसार मोडतो.

मी तडक गावातल्या गॅरेजात गेलो. तिथला पोरगा बॉनेटमधून डोके बाहेर न काढताच म्हणाला, “चतुर्थी झाल्यार या, गुरुजी. आता चाकरमान्यांच्यो गाडयो येतले.” त्याचेही बरोबर होते. पण चतुर्थीपर्यंत आठ-नऊ मंगळवार होते. आणि वहीत दादाने पट्टा बदलण्याची कृती एक ते एकवीस अशी आकडे घालून लिहून ठेवली होती. ती वाचताना मला वाटले, हे तर प्रमेयासारखे आहे. एक पायरी समजली की दुसरी येते. आपणच का करू नये?

२०१८ च्या चौकटीखाली आणखी एक ओळ होती: ‘दोन आणले. एक बसवला, एक पेटीत ठेवला. ही गाडी बंद झाली, पुढे मिळेल न मिळेल.’

वहिनीने पत्र्याची पेटी उघडली. पाने, हातोडी, वायसर यांच्या खाली, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, खोक्यातला पट्टा! कोराकरकरीत. माणूस गेला, पण पुढच्या वेळची तजवीज करून गेला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. मीही चष्मा पुसला. हा दादाचाच पट्टा बसवायचा, असे मी तिथेच ठरवून टाकले.

कोणाला तरी दाखवावा म्हणून तो मी पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेलो. त्यांनी आता काम सोडले आहे. ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी खोक्यावरची तारीख पाहिली, पट्टा हातात घेतला आणि म्हणाले, “ह्यो बसवू नकात.”

“अहो, कोरा आहे! एक दिवस वापरलेला नाही.”

“रबर मरता, गुरुजी. वापरल्यार मरता, आणि नाय वापरल्यार पण मरता.”

मी वाद घातला. पेटी बंद होती, ऊन लागले नाही, तेल लागले नाही. म्हातारा काही बोलला नाही. त्याने पट्टा उलटा वाकवून माझ्या नाकासमोर धरला. दोन दात्यांच्या मधल्या बेचक्यात केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या. एकदोन नव्हे, ओळीने. “आमच्या हयच्या गरमेत पत्र्याची पेटी म्हणजे भट्टीच ती,” एवढे बोलून त्याने पट्टा माझ्या हातात ठेवला आणि सुपारी तोंडात टाकली.

वाचकहो, घरी येताना मला त्या म्हाताऱ्याचा फार राग आला होता. खऱ्या गोष्टीचा येतो तसा.

आता नवा पट्टा शोधणे आले. मालवणात विचारले. ‘आता ह्यो येयत नाय’. कसालला विचारले. ‘कुडाळाक गावात’. कुडाळला एका दुकानदाराने मोठ्या आत्मविश्वासाने एक खोके पुढे केले. “मारुतीचोच आसा, घेवन जावा.” दिसायला तसाच होता. पण चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाचा उत्तरावर चटकन विश्वास बसत नाही. मी पेटीतला पट्टा बरोबर नेला होता. दुकानाच्या फळीवर दोन्ही ठेवले, प्रत्येकाच्या एका दात्यावर खडूची खूण केली आणि दाते मोजले. दुकानातली दोन गिऱ्हाइके मजा बघत उभी राहिली. दुकानदाराच्या पट्ट्याला दाते जास्त भरले. तो त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा होता. दाते मोजण्याची ही युक्ती गणितवाल्याची आहे असे मला वाटले. नंतर पाहतो तो दादाच्या कृतीत तीच पायरी पहिली होती.

कोल्हापूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, गुरुजी, उद्यमनगरात मी अख्खे तेलाचे इंजिन मिळवून देतो, पण हा पट्टा बघावा लागेल. बघतो म्हणाला आणि बघतच राहिला. आमच्या जिल्ह्यात २०२१ साली चिपीला विमानतळ झाला. पण हातभर रबराचा पट्टा मिळवायला पंधरा दिवस दारोदार फिरावे लागते, हे मी त्या दिवसांत अनेकांना ऐकवले. ऐकणारे मान डोलवीत. पट्टा काही मिळेना.

शेवटी वहिनी म्हणाली, “भावजी, झिलाक इचारा मां. तो मुंबयत आसा. थय गावात.”

हे मला सुचले नव्हते असे नाही. सुचले होते, म्हणूनच मी कोल्हापूरपर्यंत चौकशा करीत होतो. दादाचा मुलगा डोंबिवलीला असतो. भिंतीचा वाद झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि त्या वेळी बापाला मी काय काय बोललो ते त्याने उभ्याने ऐकले होते. बाराव्यालाही तो माझ्याशी कामापुरतेच बोलला. वहिनीला मी डॉक्टरकडे नेतो याबद्दल त्याने कधी आभार मानले नाहीत, आणि ते मानावेत अशी माझी पात्रता आहे असे मलाही वाटत नव्हते.

रात्री नऊ वाजता फोन केला. चार वाक्ये मी कागदावर लिहून ठेवली होती. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “काका, चॅसीचा नंबर आणि साल पाठवा. जुन्या पट्ट्याचे दाते मोजलेत?”

“मोजले.”

“दोनदा?”

“तीनदा.”

“बरं”, एवढे बोलून त्याने फोन ठेवला.

पाच दिवसांनी निरोप आला: मुंबईच्या रात्रीच्या लक्झरीने सामान पाठवले आहे, सकाळी तिठ्यावर थांबा. आमच्याकडे या गाड्यांचा एक निराळाच टपालधंदा चालतो. मे महिन्यात इकडून आंब्याच्या पेट्या, सोले आणि कुळथाचे पीठ जाते. तिकडून औषधे, नातवंडांचे कपडे आणि यंत्रांचे सुटे भाग येतात. पावसात छत्री घेऊन मी साडेसहाला तिठ्यावर उभा राहिलो. क्लीनरने डिकीतून वर्तमानपत्रात बांधलेले पुडके काढून दिले.

आत मी मागितलेला पट्टा होता, ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानातून आणलेला. पण त्याबरोबर मी न मागितलेल्याही वस्तू होत्या: पट्टा ताणून धरणारे छोटे चाक, त्याची स्प्रिंग, आणि दोन्ही दांड्यांची तेलसीले. वर एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘पट्टा नवा घालून जुने चाक ठेवू नये. त्याचे बेअरिंग गेले की नवा पट्टाही जातो. सीलमधून तेल गळले की रबर फुगते. बाबा नेहमी सगळे एकदम बदलत. मी चतुर्थीला येतो आहे. तोवर उघडू नका. गाडी चालवू नका. आईला रिक्षाने न्या.’

तीन ठिकाणी हुकूम होता आणि ‘साष्टांग नमस्कार’ कुठेच नव्हता. पण अक्षर हुबेहूब दादाचे होते.

यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तो २४ ला रात्री आला आणि २५ ला सकाळी जुना शर्ट घालून अंगणात उभा राहिला. “चला, काका”, म्हणाला.

त्या दोन दिवसांचे वर्णन करायचे तर निम्मा वेळ एका गंजलेल्या बोल्टलाच द्यावा लागेल. समुद्राची हवा बोल्टाला पेंडीसारखी चिकटते. रॉकेल घातले, रात्रभर मुरू दिले, सकाळी पान्याला लोखंडी नळी लावून दोघांनी जोर केला, तेव्हा कुठे तो ‘कटक’ म्हणून सुटला. तो आवाज ऐकून वहिनी घाबरून ओट्यावर आली. मग पंख्याचा पट्टा, पुल्या, बाहेरचे झाकण असे एकेक उतरवीत गेलो. मी वही वाचायचो, तो हात चालवायचा. खालच्या चाकावरची खूण बाणासमोर, वरच्या चाकावरची खूण खाचेसमोर. हे जुळल्याखेरीज जुना पट्टा काढायचा नाही. खुणा झिजल्या होत्या, म्हणून सौभाग्यवतीने सुनेची नखांना लावायची लाल शाई आणून दिली. गणपतीच्या दिवसांत ती नखांपेक्षा इंजिनालाच जास्त लागली.

नवा पट्टा चढवला. स्प्रिंगने ताण घेतला. पुतण्या चाकाचा बोल्ट आवळू लागला, तेव्हा मी म्हणालो, “थांब. अठरावी पायरी. आधी हाताने दोन फेरे.”

त्याने पान्याने खालचा दांडा दोन फेरे फिरवला. खालची खूण बाणासमोर आली. वरची मात्र किंचित बाजूला राहिली. एक दाता चुकला होता. तसेच झाकण लावले असते, तर गाडी सुरू झाली असती, पण धापा टाकत. त्याने माझ्याकडे पाहिले, पहिल्यांदाच नीट पाहिले, आणि पुन्हा सगळे सैल केले. दुसऱ्यांदा दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा आपापल्या जागी आल्या.

“पण काका, पट्ट्यावर आपण लाल ठिपका दिला होता, तो कुठे गेला? चाकांच्या खुणा जुळल्या, ठिपका भलतीकडेच. म्हणजे पुन्हा चुकलं काय?”

मी काही बोललो नाही. वहीचे २०१३ चे पान उघडून त्याच्यासमोर धरले. जून महिन्यात ते पान प्रथम वाचले तेव्हापासून ते कोणाला दाखवायचे धाडस मला होत नव्हते. लाल चौकटीच्या खाली दादाने लिहिले होते: ‘दोन फेऱ्यांनी चाकांच्या खुणा येतात, पट्ट्यावरची येत नाही. असे का? धाकट्यास विचारणे.’ आणि शेवटच्या दोन शब्दांवर एक आडवी रेघ मारलेली होती.

२०१३ साली आमच्या अबोल्याला दोन वर्षे झाली होती. मधली भिंत नऊ इंच जाडीची. मी त्याच भिंतीपलीकडे बसून त्या वर्षी शेजारच्या मुलांची शिकवणी घेत होतो, आणि बहुधा लसाविच शिकवीत होतो.

पुतण्या ते पान बराच वेळ पाहत राहिला. मग पाना खाली ठेवून म्हणाला, “मग सांगा ना. का येत नाही?”

मी अंगणातल्या फरशीवर खडूने मांडून दाखवले. समजा पट्ट्याला शंभर दाते आहेत आणि खालच्या चाकाला चोवीस. चाक एक फेरा फिरले की पट्टा चोवीस दाते पुढे सरकतो. ठिपका पुन्हा आपल्या जागी यायला शंभर आणि चोवीस या दोघांनीही भाग जाईल इतके दाते सरकायला हवेत. शंभर आणि चोवीस यांचा लसावि सहाशे. म्हणजे पंचवीस फेरे. दोन फेऱ्यांत तो यायचाच नाही, आणि न आल्याने काही बिघडतही नाही. सातवीचे गणित. विचारले असते, तर दोन मिनिटांत सांगून झाले असते.

संध्याकाळी झाकण लागले. पुतण्याने किल्ली मला दिली. मी ती वहिनीला दिली, वहिनीने देवासमोर ठेवून परत आणली. किल्ली फिरवली आणि तीन सिलिंडरांचे ते छोटेसे इंजिन एकदा खाकरून सुरू झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे त्याच गाडीतून गणपतीच्या शाळेत गेलो. मूर्ती मागच्या सीटवर वहिनीच्या मांडीवर, आणि मी ताशी वीस किलोमीटरने चालवीत होतो. मागून येणारा प्रत्येक जण भोंगा वाजवीत होता, आणि आम्ही कोणालाच वाट देत नव्हतो. आरतीला यंदा झांज पुतण्याच्या हातात होती.

पेटीतला तो पट्टा पुतण्याने फेकायला काढला होता. मी म्हटले, राहू दे. तो आता माझ्या टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. सौभाग्यवतीने विचारले, “ह्याचा काय उपयोग?” मी सांगितले, काही नाही. दादाने तो मोठ्या काळजीने जपून ठेवला, आणि जपून ठेवल्यामुळे तो टिकेल असे त्यालाही वाटले, मलाही वाटले. मीही काही गोष्टी अशाच पेटीत घालून ठेवल्या होत्या. कधीतरी काढू, आपल्याच तर आहेत, म्हणून.

पुतण्या परत जायच्या आदल्या रात्री मी वहीत पाचवी लाल चौकट आखली. तारीख घातली, किलोमीटर लिहिले. पुढची चौकट २०३० ची. तिच्यात त्याने आपल्या हाताने लिहिले, ‘मी येईन.’ तो झोपायला गेल्यावर मी २०१३ चे पान काढले. ‘असे का?’ या शब्दांपुढे, रेघ मारलेल्या दोन शब्दांना हात न लावता, शंभर आणि चोवीस यांचा लसावि सगळ्या पायऱ्यांसकट, शाळेत फळ्यावर मांडत असे तसा, सावकाश आणि स्वच्छ अक्षरात लिहून ठेवला.